आधी पदवी की पदवीसोबतच प्रशिक्षण? रसायन-भौतिक शिकवू पाहणाऱ्यांसाठी

शाळेत रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकवायचं ठरवलं की मुख्यतः दोन वाटा दिसतात. एक म्हणजे आधी विज्ञानाची पदवी आणि मग वर्ष-दोन वर्षांचं अध्यापन प्रशिक्षण. दुसरी म्हणजे एकात्मिक अभ्यासक्रम, त्यात विषय आणि अध्यापन पहिल्यापासून जोडीनं चालतात. दोन्ही वाटांनी उत्तम शिक्षक घडतात. किती वर्षं लागतील याचा हिशेब करण्याआधी आपला कच्चा विषय कोणता, ते बघा असं मी सांगेन. शिकवायचे दोन विषय आणि पदवी बहुधा एकाच विषयाची, खरी अडचण इथेच आहे.

पदवी आधी घेतली की एका विषयाची बैठक पक्की होते. रसायनशास्त्राच्या पदवीधराला ऊष्मागतिकी येते, ब्युरेट हातात बसलेला असतो, पण प्रकाशिकी आणि विद्युत परिपथ अनेकदा पहिल्या वर्षीच मागे पडलेले असतात. भौतिकशास्त्राच्या पदवीधराचं गणित भक्कम असतं, पण सेंद्रिय रसायनाशी संबंध तुटलेला असतो. संहत आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही, हा नियम त्याला पाठ असतो. मात्र पाठ असणं वेगळं आणि वर्गासमोर बोलता बोलता हातानं ते आपोआप होणं वेगळं. पुढच्या प्रशिक्षणात हा कच्चा विषय भरून निघेल असं धरून चालू नका. तो काळ पाठ टाचणं, सराव पाठ आणि मूल्यमापन यांतच संपतं.

एकात्मिक अभ्यासक्रमात विषयाचे प्रगत पेपर कमी असतात, हे मान्यच करायला हवं. संशोधनाकडे किंवा उद्योगाकडे वळायची शक्यता मनात असेल, तर ही कमतरता पुढे जाणवते. पण त्याबदल्यात मिळतं ते मोलाचं आहे. परिपथ स्वतः शिकत असतानाच तुम्ही मुलांच्या वर्गात बसता, आणि दिव्यात विद्युतधारा ‘खर्च’ होते असं निम्मा वर्ग मानतो हे तुमच्या लक्षात येतं. रसायनात हीच गत अणूंमधल्या बंधांची. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, ही चुकीची समज फार चिवट असते. मुलं नेमकी कुठे अडतात आणि तिथून त्यांना कसं पुढे न्यायचं, या ज्ञानाला अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान आणि सामान्य अध्यापनशास्त्र या दोहोंपासून वेगळं स्थान दिलं. याचं वजन अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांच्या १९९८ च्या पाहणीत दिसतं. यामिकीच्या, म्हणजे बल आणि गतीच्या, ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. विद्यार्थ्यांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत संकल्पनांच्या आकलनात झालेली वाढ केवळ व्याख्यानाच्या वर्गांपेक्षा सरासरीनं जवळपास दुप्पट होती.

दोन विषय जिथे एकमेकांना भिडतात, तिथे मला एकात्मिक वाट सरस वाटते. भौतिकच्या पुस्तकांत बहुधा आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा कार्य, तर रसायनात उष्णता अधिक कार्य. एकीकडे व्यवस्थेनं केलेलं कार्य मोजतात, दुसरीकडे व्यवस्थेवर झालेलं. धन-ऋण प्रभारांच्या जोडीची दिशा दाखवणारा द्विध्रुव आघूर्णाचा बाण भौतिकशास्त्रात ऋणाकडून धनाकडे जातो, रसायनाच्या पुस्तकांत बहुतेकदा उलटा. अॅनोड विद्युत घटात ऋण असतो, विद्युत अपघटनात धन. एकच मूल एकाच आठवड्यात हे सगळं ऐकतं आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजतं. दोन्ही विषय एकाच शिक्षकाकडे असतील, तर हा गोंधळ समोरासमोर ठेवून सोडवता येतो. फ्रान्समधल्या शाळांत भौतिक-रसायन हा एकच विषय आहे आणि एकच शिक्षक तो शिकवतो. जर्मनीत माध्यमिक शिक्षक होण्यासाठी साधारणपणे दोन विषय घ्यावे लागतात. पदवीनंतरच्या प्रशिक्षणात मात्र दोन विषयांच्या अध्यापन पद्धती पुष्कळदा वेगवेगळ्या तासांना शिकवल्या जातात, आणि त्यांची सांगड घालायचं काम तुमच्यावर येतं.

प्रयोगशाळेबाबत दोन्ही वाटांवर तितकीच चौकशी करा. प्रात्यक्षिक मांडणं, त्यातला धोका आधी ओळखणं, वापरलेली रसायनं कुठे टाकायची, हे प्रत्यक्ष करून घेतात का? मिथेनॉल पेटवून रंगीत ज्योती दाखवताना मुलं गंभीर भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तेच रंग क्षारद्रावणात भिजवलेल्या लाकडी काडीनं दाखवता येतात. हा फरक शाळेत रुजू होण्याआधी माहीत असायला हवा.

शिक्षकच व्हायचं हे पक्कं असेल आणि दोन्ही विषयांची सारखी ओढ असेल, तर एकात्मिक अभ्यासक्रम घ्या. मन अजून दोलायमान असेल, तर आधी पदवी घ्या, पण दुसरा विषय शेवटच्या वर्षापर्यंत सोडू नका. पदवी हातात असलेल्यांनी, अभियंत्यांनीही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. मात्र अर्ज भरण्याआधी आपल्या गुणपत्रिकेवरचे दुसऱ्या विषयाचे पेपर पात्रतेला पुरतात का, याची संस्थेकडून लेखी खात्री करून घ्या. सराव पाठांच्या वेळी मागे बसून निरीक्षण करणारी व्यक्ती त्याच विषयाची असते का, हेही तेव्हाच विचारा.