१०९८ हेल्पलाइन: टोळीत ओढल्या जाणाऱ्या मुलामुलींसाठी कितपत कामाची?

मूल टोळीच्या नादी लागतंय असं दिसलं, तर मुंबईत पहिला फोन १०९८ला करावा. चोवीस तास, मोफत. ही चाइल्ड हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली.

'पोरगं वाईट संगतीला लागलंय' एवढ्यावरून फोन घेणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. वय, गल्ली, कोणता मोठा माणूस काय काम सांगतो, आज रात्री धोका आहे का, हे सांगा. जिल्हाही सांगा: धारावी मुंबई शहरात, गोवंडी उपनगरात, दोन्हीकडचे बाल संरक्षण कक्ष, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं काम बघणारी जिल्ह्याची सरकारी कार्यालयं, वेगळे.

मुलगा की मुलगी, यावर यंत्रणेकडे पुढे काय मागायचं ते ठरतं. मुलगा बहुधा मान, पैसा आणि 'आपल्याला कोणी हात लावणार नाही' या खात्रीपायी जातो. भाईची स्कूटर फिरवायला मिळाली की निम्मं काम झालं. मुलगी बरेचदा घरातली मारहाण, अत्याचार नाहीतर लादलेलं लग्न यापासून पळत असते. टोळीतला मानलेला भाऊ आसरा देतो आणि मग डब्यात ड्रग्जची पुडी ठेवायला सांगतो, कारण बाईची झडती बाईच घेऊ शकते. मित्रमंडळी किंवा घरातलं कुणी आधीच टोळीत असणं, हे दोघांनाही ओढतं. परदेशातल्या अभ्यासांतही घरचा छळ हे कारण मुलींत जास्त दिसतं, आणि आसऱ्याला गेलेल्या मुलींवर टोळीतच अत्याचार होतात.

म्हणून मुलीला सरसकट घरी सोडू देऊ नका. संरक्षणासाठी ताब्यात घेतल्यावर २४ तासांत तिला बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या समितीसमोर, न्यावं लागतं. तिथे घरच्यांना बाहेर बसवून तिचं ऐका, असा आग्रह धरा. तिच्या घरची परिस्थिती तपासणाऱ्या सामाजिक तपासणी अहवालाला १५ दिवसांची मुदत असते. तोवर ती राहणार कुठे, हे आधी पक्कं करून घ्या.

मुलाच्या बाबतीत त्याला वापरणाऱ्याची माहिती द्या. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३खाली त्या माणसाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पोरगं पकडलं गेलंच, तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ठाण्यातल्या बालकल्याण पोलिस अधिकाऱ्याला गाठा.

सेवेची मोठी उणीव वयाची. १८ पूर्ण झाली की १०९८चं दार बंद. मुलीला निदान महिला हेल्पलाइन १८१ आहे. टोळीतून सुटू पाहणाऱ्या १९ वर्षांच्या पोराला ११२ म्हणजे पोलिसच, आणि तो तिथे स्वतःहून फोन करणं फार अवघड आहे.