सात महिने फक्त नवा आयर्न मेडन ऐकला, जुन्यासमोर कितपत टिकला ते सांगतो

2024 चा सप्टेंबर, गणपती बुडवून दोनच दिवस झालेले, कानातला डॉल्बी अजून उतरला नव्हता आणि आयर्न मेडन ह्या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडच्या दौऱ्याची बातमी आली. बँडला 50 वर्षं होतात म्हणून 2025 ला मोठा दौरा, आणि गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे 1980 च्या पहिल्या अल्बमपासून 1992 च्या 'फिअर ऑफ द डार्क'पर्यंत, पुढचं काही नाही. आमच्या ग्रुपवर सगळे खूश. दादाचा तर लगेच मेसेज, "बघ, त्यांनाच कळलं की शेवटी." मला मात्र ते लागलं. 1992 नंतर ह्या लोकांनी आठ अल्बम काढलेत, सतरातले आठ, ते काय सगळे फुकट गेले काय?

त्याच रात्री ठरवलं, जुनं बंद. फोनमधनं 'पॉवरस्लेव्ह', 'पीस ऑफ माइंड' सगळं काढलं आणि शेवटचे तीनच ठेवले, 2010 चा 'द फायनल फ्रंटियर', 2015 चा 'द बुक ऑफ सोल्स' आणि 2021 चा 'सेंजुत्सू'. एप्रिल संपेपर्यंत हेच ऐकायचं. तोवर हे तिन्ही अल्बम मी चार-पाच वेळा ऐकून "बरे आहेत, लांबलेत" म्हणून सोडून दिले होते, आणि जुने किती वेळा ऐकलेत त्याची मोजदाद नाही. मग तुलना करायची ती कशाच्या जोरावर, असं वाटलं.

मी बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमधे व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर आहे, रूम वडगावला, घर निपाणीला. शनिवारी संध्याकाळी बसनं घरी, सोमवारी पहाटेच्या बसनं परत. निपाणी ते बेळगाव दीड तासाच्या आतबाहेर, आणि 'सेंजुत्सू' आहे 82 मिनिटांचा. म्हणजे तवंदी घाट चढताना पहिलं गाणं संपतं, संकेश्वर आलं की पहिली सीडी संपत आलेली असते, आणि वंटमुरी घाट ओलांडून काकतीकडं निघालं की शेवटचं गाणं लागतं. सात महिने आठवड्याला दोन वेळा हाच रस्ता आणि हाच अल्बम, बाकीचे दोन रूमवर जेवण करताना.

आधी जुन्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं दादाची एक 90 मिनिटांची कॅसेट होती, कॅम्पातल्या त्याच्या मित्राकडनं भरून आणलेली. ए साइडला 'द नंबर ऑफ द बीस्ट', तो 40 मिनिटांचा, आरामात बसला होता. बी साइडला 'पॉवरस्लेव्ह', तो पन्नासच्या वर, साइड मात्र 45 ची. त्यामुळं शेवटचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', कोलरिजच्या कवितेवरचं पावणेचौदा मिनिटांचं गाणं, आठेक मिनिटांवर तुटायचं. मधला तो शांत भाग, जहाजाच्या लाकडाचा करकर आवाज, मग बास हळूहळू वर येतो, आता बँड परत उसळणार असं वाटतं आणि खट्. टेपचं बटण वर. मी कित्येक वर्षं ते गाणं तिथपर्यंतच ऐकलंय. पुढचं पहिल्यांदा ऐकलं ते डिप्लोमाला असताना सायबर कॅफेत, आणि तेव्हा अंगावर जो काटा आला तो अजून आठवतो.

म्हणून सांगतो, लांब गाण्याला माझी हरकत कधीच नव्हती. मेडन म्हणजेच लांब गाणी. 'हॅलोड बी दाय नेम' सात मिनिटांचं आहे आणि त्यातलं एक मिनिट काढून दाखवा कुणी, जमणार नाही.

आता नव्याकडं. पहिली गोष्ट, साध्या इअरफोनवर नवा मेडन ऐकून मत बनवू नका, मी तेच करत होतो. जुन्यात दोन गिटार, डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ, एक ह्या कानात एक त्या कानात, दोघं मिळून सूर धरतात ते सरळ कळतं. 1999 ला एड्रियन आणि गायक ब्रूस डिकिन्सन दोघं परत आले तेव्हा मधे एड्रियनच्या जागी आलेल्या जॅनिक गेर्सला काढलं नाही, त्यामुळं तेव्हापासून तीन गिटार आहेत, आणि साध्या इअरफोनवर त्या तिन्हींचं पिठलं होतं. शॉपमधल्या मित्रानं नोव्हेंबरात त्याचा वायरवाला मोठा हेडफोन दिला आणि 'द बुक ऑफ सोल्स' पहिल्यांदा उघडला असं म्हणायला हरकत नाही. तिसरी गिटार कुठं नुसती भर घालते आणि कुठं खरंच काही बोलते हे त्यानंतर कळायला लागलं. तरी सांगतो, 2000 पासूनच्या प्रोड्युसर केव्हिन शर्लीच्या रेकॉर्डिंगमधे सगळा बँड एका खोलीत वाजवतोय असं वाटतं, ते मला आवडतं, पण ड्रम आणि बास जुन्यासारखे टोकदार येत नाहीत. 2006 चा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' तर मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची सफाई, न करताच सोडला होता. ती ह्यांची मुद्दाम केलेली निवड आहे, चूक नाही, एवढं लक्षात घेऊन ऐकलं तर त्रास कमी होतो.

'द फायनल फ्रंटियर'चं पटकन आटपतो. सुरुवातीलाच साडेचार मिनिटं नुसती प्रस्तावना, ड्रम आणि आवाज, मग गाणं. सात महिन्यात एकदाही ती साडेचार मिनिटं मला हवीशी वाटली नाहीत. पण त्याच अल्बमचं शेवटचं 'व्हेन द वाइल्ड विंड ब्लोज' ऐकाच. एक म्हातारा-म्हातारी अणुयुद्धाच्या भीतीनं घरात बसलेत, भूकंप होतो, त्यांना वाटतं बॉम्ब पडला. अकरा मिनिटं आहेत आणि आवाज कुठंही चढवलेला नाही, एखाद्यानं कट्ट्यावर बसून गोष्ट सांगावी तसं बासवाल्या स्टीव्ह हॅरिसनं लिहिलंय. ह्या एका गाण्यासाठी अल्बम ठेवलाय.

'द बुक ऑफ सोल्स' 92 मिनिटांचा, दोन सीड्या. ह्याच्याबद्दल माझं मत सात महिन्यात तीनदा बदललं. ब्रूसच्या जिभेच्या मुळाशी ट्यूमर होता आणि हे सगळं गाणं त्यानं तो अंगात असताना गायलंय, रेकॉर्डिंग झाल्यावर कळलं, मग उपचार, आणि सप्टेंबर 2015 ला अल्बम आला. हे माहीत असून पहिलं गाणं ऐकताना मला दरवेळी भरून येतं. शेवटचं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' 18 मिनिटांचं, 1930 साली फ्रान्समधे कोसळलेल्या आर101 ह्या गॅसवर तरंगणाऱ्या हवाईजहाजावर, ब्रूसनं स्वतः पियानोवर बसून केलेलं. तो स्वतः पायलट, त्यामुळं त्यातला जीव वेगळाच आहे. 18 मिनिटं आहेत आणि सगळी लागतात. पण मधलं 'द रेड अँड द ब्लॅक', साडेतेरा मिनिटं, त्यातली पाच तरी काढता आली असती.

आमच्या कामात एअर कटिंग म्हणतात. स्पिंडल फिरतोय, टूल चाललंय, मीटर पडतोय, पण टूल जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, लागलेलंच नाही, हवेतच फिरतंय. प्रोग्रॅम बघून ते कमी करत जाणं हे माझं रोजचं काम आहे, सायकल टाइममधले वीस सेकंद वाचले तरी दिवसाला चार जॉब जास्त निघतात. नव्या मेडनमधे एअर कटिंग आहे. तीच धून चार वेळा पुरली असती तिथं आठ वेळा, गायकानं तीच ओळ परत, गिटारनं तोच सूर परत.

आणि हे जुन्यात का नव्हतं, तर माझ्या मते प्रोड्युसर मार्टिन बर्च. 1981 च्या 'किलर्स'पासून 1992 पर्यंत सगळे त्यानंच केले, त्याच्या आधी डीप पर्पल आणि ब्लॅक सॅबथबरोबर काम केलेला माणूस. 1992 नंतर तो निवृत्त झाला, 2020 ला वारला. एलपीच्या दोन साइडींची हद्द होती हे खरंच, पण खोलीत "बस, पुरे" म्हणणारा माणूस होता हे जास्त महत्त्वाचं. आता शर्लीच्या जोडीला स्टीव्ह स्वतःच बसतो. स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः तपासला की चूक दिसत नाही, हे मला शॉपमधे रोज दिसतं.

आता 'सेंजुत्सू'. ह्याच्यासाठीच एवढं लिहितोय.

पहिले दोन महिने मला त्यातलं एड्रियन आणि ब्रूसनं मिळून केलेलंच आवडायचं. 'द रायटिंग ऑन द वॉल' शॉपमधल्या माझ्या कन्नड मित्राला ऐकवलं, तो कधी मेटल ऐकत नाही, तोपण सोलो संपल्यावर "चलो ऐती", छान आहे, म्हणाला आणि परत लाव म्हणाला. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' तर चार मिनिटांचं, कामापुरतं आणि नेटकं. दुसरी सीडी मात्र जड जायची. शेवटची तीन गाणी एकट्या स्टीव्हची, दहा मिनिटं, साडेबारा मिनिटं, अकरा मिनिटं, आणि तिन्ही हळू सुरू होतात. हत्तरगी टोलनंतर मला झोप लागायची, खरं सांगतो.

मग डिसेंबरात ड्रमवाला निको मॅकब्रेन दौऱ्यांतनं बाजूला झाला. जानेवारी 2023 ला त्याला स्ट्रोक आलेला, त्यातनं उठून दोन वर्षं दौरे केले आणि 72 व्या वर्षी थांबला. त्या सोमवारी मी ठरवून फक्त ड्रम ऐकत आलो. पहाटेचा काळोख, बसची काच धुक्यानं भरलेली, पुढं रस्त्याच्या कामाचे पिवळे दिवे. वंटमुरीनंतर शेवटचं 'हेल ऑन अर्थ' लागलं. सुरुवातीची दोनेक मिनिटं नुसती गिटार आणि बास, अगदी सावकाश. मी इतके दिवस ह्यालाच एअर कटिंग समजत होतो. जॉब बांधला की आम्ही आधी डायल लावतो, सुई कुठं हलते बघत हळूहळू सरळ करून घेतो, त्याच्याशिवाय पहिला कट मारता येत नाही. हे तसं आहे. ती धून आधी शांतपणे कानात बसवून ठेवतात, मग निको येतो आणि तीच धून घोड्यावर बसल्यासारखी निघते, मधे परत सगळं थांबतं, परत चढतं, आणि शेवटी जिथनं सुरू झालं तिथंच येऊन हळू होत विझतं. किल्ला आला तेव्हा संपलं. स्टँडवर उतरून मी पाच मिनिटं तसाच उभा होतो.

पंचविशीतल्या मेडनला हे जमलं नसतं. तेव्हा त्यांना घाई होती, आणि त्या घाईतच त्यांची ताकद होती. 'हेल ऑन अर्थ' हे वयाची साठी ओलांडलेल्या माणसांचं गाणं आहे. त्यांनी स्वतः 2023-24 च्या दौऱ्यात ते वाजवलंय, म्हणजे त्यांनापण त्याची किंमत माहीत आहे.

सगळंच असं नाही. 'द पार्चमेंट' अजून मला चढत नाही, गिटारचा सूर आणि ब्रूसचा आवाज एकाच रेषेत चालतात, दोघांनी मिळून एकच काम करायचं असं झालंय. आणि स्टीव्ह त्याला अजून 1984 च्या पट्टीत गायला लावतो, तिथं आवाज ताणलेला स्पष्ट कळतो. खालच्या पट्टीत ब्रूसचा आजचा आवाज जुन्यापेक्षा मला जास्त आवडतो, जाड, अनुभवी. तिथं त्याला जास्त वेळ गाऊ द्यायला पाहिजे होतं.

नियम एकदाच मोडला. ऑक्टोबरात पॉल डिआनो गेला, पहिल्या दोन अल्बमचा गायक. त्या रात्री पहिला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावला, दादाला फोन केला, दोघंही फार काही बोललो नाही.

2007 च्या मार्चमधे आम्ही दोघं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूरला गेलो होतो, पॅलेस ग्राउंड्सला, मेडन पहिल्यांदा भारतात आले तेव्हा. जुनी गाणी लागली की सगळं मैदान गात होतं आणि नव्या अल्बमची लागली की आमच्या आजूबाजूचे लोक नुसते उभे. मीपण त्यातलाच. आज ते आठवलं की वाईट वाटतं, ते आपल्यासमोर सगळ्यात ताजं वाजवत होते आणि आपण पुढच्या गाण्याची वाट बघत होतो.

एप्रिलअखेर आमच्याकडच्या वैशाखातल्या शिवजयंतीला घरी गेलो तेव्हा दादा म्हणाला, "अजून तेच ऐकूलालास काय रे?" मी हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि 'हेल ऑन अर्थ' लावलं. तीन मिनिटांनी काढेल असं वाटलेलं. पूर्ण ऐकलं त्यानं. मग म्हणाला, चांगलं आहे, पण 'पॉवरस्लेव्ह' नाही. ते मलाही मान्य आहे. 1982 ते 1988 मधले पाच अल्बम एकीकडं ठेवले तर हे तीन त्यांच्या खालीच, अल्बम म्हणून. पण ह्या तिघांतली पाच-सहा गाणी जुन्यांच्या शेजारी बसतात, आणि त्यातली दोन, 'एम्पायर' आणि 'हेल ऑन अर्थ', मी आता वरच्या दहात धरतो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी एवढंच, 'सेंजुत्सू' दोन दिवसांत दोन सीड्या असा ऐका, एका बैठकीत नको. 'द बुक ऑफ सोल्स'चं पहिलं आणि शेवटचं गाणं आधी. 'फायनल फ्रंटियर' शेवटच्या गाण्यापासून उलटा.

मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी 'पॉवरस्लेव्ह' परत फोनमधे टाकला. 'राइम' लागलं तेव्हा बस संकेश्वरच्या स्टँडात शिरत होती. आठ मिनिटांवर तो शांत भाग संपत आला आणि माझा हात आपोआप खिशाकडं गेला, कॅसेट उलटायला.