पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर : वणव्याच्या एका हंगामानंतरचा अनुभव

संक्रांतीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की आमच्या वस्तीवर एकच बोलणं सुरू होतं, यंदा माळ कधी वाळतोय. सोलापूर-बार्शी रस्त्यानं येताना नान्नजच्या अलीकडं आत वळलं की आमची पाच घरं. घरामागं बांध आणि बांधापलीकडं वनखात्याचा गवताळ माळ. संक्रांतीच्या आसपास तो सोन्यासारखा दिसतो, मार्च लागला की त्याला फक्त ठिणगीचं निमित्त लागतं. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं. एवढे चार महिने आमच्यातलं कोणी ना कोणी दुपारी जागं असतं.

आजवर आमचं हत्यार म्हणजे कडुनिंबाचा ढाळा, ओलं पोतं आणि जुनी सोलापुरी चादर. वनखात्याची माणसं ब्लोअर वापरताना बघितली होती, म्हणून यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाच घरांनी वर्गणी काढून एक घेतला. १८,५०० रुपये पडले. नळीतून जोरात हवा मारणारं हे मशीन; पेट्रोलवर चालणारं, पाठीवर घ्यायचं, टू-स्ट्रोक इंजिनाचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाजारात या जातीची बरीच मशीन आहेत, आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. आता जुलै आहे, हंगाम संपलाय, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी आग विझवायच्या कामाबद्दल, कारण घेतला होता त्याचसाठी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारी चारला हाक आली, "अण्णा, माळ पेटलाय!" कोणीतरी बांध पेटवला होता आणि आग माळात उतरली होती. आम्ही तिघं गेलो. एकाच्या पाठीवर ब्लोअर, दुसऱ्याकडं फवारणीचा पंप पाण्यानं भरलेला, तिसऱ्याच्या हातात ढाळा. गवत गुडघ्याच्या खाली होतं, वारा बेताचा. जळून काळ्या झालेल्या जागेत उभं राहायचं, नळीचं तोंड जमिनीलगत आणि तिरकं धरायचं, आणि ज्वाळेच्या बुडावर हवा मारत जळतं गवत काळ्या बाजूला ढकलायचं. ज्वाळेच्या शेंड्यावर हवा मारून काही होत नाही, बूड तुटलं पाहिजे. पुढचा चालत राहतो, मागचा पंपवाला राहिलेल्या निखाऱ्यांवर पाणी मारतो, ढाळेवाला शेवटून बघत येतो. दोनेकशे मीटरची बाजू आम्ही अर्ध्या तासाच्या आत बंद केली. ढाळ्यांनी हेच काम करायला पूर्वी पंधरा माणसं लागायची, आणि घरी आल्यावर निम्म्यांच्या भुवया करपलेल्या असायच्या. त्या दिवशी आम्हाला वाटलं, सुटलो आता.

तसं नव्हतं. एप्रिलमध्ये ओघळीच्या बाजूला पेटलं. तिथं गवत कमरेएवढं, वर दुपारी दोनचं ऊन आणि पश्चिमेचा वारा. मी ब्लोअर घेऊन बाजूनंच लागलो, पण वारा अचानक फिरला. ज्वाळा उंच होत्या. मी मारलेल्या हवेनं त्या विझल्या तर नाहीतच, उलट पेटत्या काड्या उचलून पुढच्या गवतात पडल्या. गाडीवाट ओलांडून आग शेजारच्या तात्यांच्या रानात गेली आणि त्यांची कडब्याची गंजी डोळ्यांदेखत गेली. सहाशे पेंढ्या होत्या, दोन म्हशी आणि बैलजोडीची पावसाळ्यापर्यंतची वैरण. तात्या मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं माझ्या मनातून अजून जात नाही. पुढं बाकीच्या घरांनी आपापल्या गंजीतून पेंढ्या काढून दिल्या, जनावरं उपाशी राहिली नाहीत. पण ती चूक माझी होती आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये म्हणूनच हे सगळं लिहितोय. गवत मांडीच्या वर असेल, ज्वाळा माणसाच्या उंचीच्या असतील किंवा वारा फिरता असेल, तर ब्लोअर बंद करा आणि मागं सरका. पुढची वाट किंवा जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून साफ केलेला पट्टा, गाठून तिथं थांबा. आगीच्या तोंडासमोर तर कधीच उभं राहू नका.

तिसरी गोष्ट शेणाची. माळावर जनावरं चरतात, त्यामुळं वाळलेलं शेण जागोजागी पडलेलं असतं. वरून आग विझलेली दिसते, पण शेण आत रात्रभर धुमसतं. ब्लोअर मारला की वरची राख उडते, त्याला आयती हवा मिळते आणि निखारा लाल होतो. एका रात्री आम्ही सगळं विझलं म्हणून घरी आलो, पहाटे वारा सुटला आणि त्याच जागेवरून पुन्हा पेटलं. तेव्हापासून नियम केलाय : विझवून झालं की एकानं पंप घेऊन कडेकडेनं फिरायचं, प्रत्येक शेण पायानं उलटायचं आणि त्यावर पाणी मारायचं. कंटाळवाणं काम आहे. सोडून चालत नाही.

आता ज्या कामासाठी हे मशीन खरोखर घ्यावं असं माझं मत झालंय, ते सांगतो. ते काम जाळरेषेचं. आमच्या हद्दीत बांधालगत चारशे मीटर लांब आणि १५ फूट रुंद पट्टा आम्ही दरवर्षी साफ करतो. पूर्वी गवत कापून, गोळा करून, खराट्यानं झाडायला सहा जणींना तीन दिवस लागायचे, आणि झाडूनही काड्या राहायच्याच. आग त्या काड्यांवरून सरपटत पलीकडं येते. यंदा कटरनं गवत कापलं, मोठं गवत वैरणीला उचललं आणि उरलेला कचरा ब्लोअरनं शेताच्या बाजूला लोटून गोळा केला. दीड दिवसात खाली नुसता मुरूम दिसायला लागला. नंतर वाऱ्यानं पाला येऊन पडतो, तो दर पंधरा दिवसांनी तासाभरात उडवायचा. मार्च अखेरीस माळाच्या आतून आलेली एक आग या पट्ट्यावर येऊन आपोआप बसली. आम्ही पलीकडं पंप घेऊन उभे होतो, पाण्याचा थेंब वापरावा लागला नाही. विझवण्यापेक्षा या कामात ब्लोअरचे पैसे फिटले.

एक मात्र लक्षात ठेवा. हे फक्त आपल्या हद्दीत. वनाच्या जमिनीवर परवानगीशिवाय गवत कापायचं नाही, आणि पट्टा जाळायचा तर विचारच करायचा नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, आणि अभयारण्यासाठी १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. वनरक्षक दादांनी यंदा त्यांच्या जाळरेषेसाठी आमचं मशीन मागितलं, तेव्हा त्यांच्यासोबत राहून दोन दिवस काम केलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टा उडवताना माळटिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालायला लागली. मी मशीन बंद करून चार पावलांवर बघतो तर मुरमातल्या एवढ्याशा खळग्यात चार अंडी. खड्यांच्याच रंगाची, टोकं आत वळवून ठेवलेली. या नळीच्या हवेनं ती कुठल्या कुठं फेकली गेली असती. आमची आजी म्हणायची, टिटवीची चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. आम्ही चारी बाजूंनी दगड मांडले आणि पट्टा तेवढा वळवून घेतला, आतलं गवत हातानं उपटलं. ही पाखरं उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात. धाविक, चंडोल यांचंही तसंच. माळढोकाचं अभयारण्य म्हणून १९७९ मध्ये हा भाग जाहीर झाला, पण माळ जळतो तेव्हा फक्त माळढोकाचंच घर जळत नाही. आग लागली की घारी आणि कोतवाल धुराच्या कडेला येतात, पळणारे टोळ टिपतात. बघणाऱ्याला वाटतं पाखरांची चंगळ आहे. खाली खोकडाची बिळं आणि टिटवीची अंडी असतात, ती दिसत नाहीत. म्हणून पट्टा उडवण्याआधी एकदा पायी फिरून या. ब्लोअर विकणारा हे सांगत नाही.

लोक माळ का पेटवतात, तर म्हणे नवं गवत चांगलं फुटतं. हिरवा कोंब दिसतो हे खरं. पण आमच्या बघण्यात वारंवार जळालेल्या तुकड्यात कुसळीच माजते. तिचं कुसळ पिळा घेत मातीत शिरतं आणि बी आगीतून वाचतं. पवना, मारवेल ही वैरणीची गवतं मागं पडतात. उघड्या पडलेल्या मुरमावर पहिला वळीव आला की थोडीफार असलेली मातीही ओघळीत जाते. उसाचं पाचट आणि बांध पेटवणं हे दुसरं कारण, आणि यंदाच्या आमच्या चारपैकी दोन आगी त्यातूनच आल्या.

मशीनच्या त्रासाबद्दल. रिकामं वजन जवळजवळ दहा किलो, पेट्रोल भरल्यावर बेचाळीस अंशांच्या उन्हात ते वीस किलोंचं वाटतं. पंधरा मिनिटांनी माणूस बदला. पट्टे खांद्यात रुततात, आम्ही सोलापुरी टॉवेलची घडी खाली घालतो. एका टाकीत पाऊण तास निघतो. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) घालावंच लागतं, आमच्या मशीनला लिटरला २५ मिली. नुसत्या पेट्रोलवर चालवलं तर पिस्टन जाम होतो. मिसळलेलं पेट्रोल आम्ही कॅनवर तारीख लिहून ठेवतो आणि महिन्याच्या आत संपवतो. टाकी भरायची ती आगीपासून लांब, साफ जागेत आणि इंजिन थंड झाल्यावरच.

एअर फिल्टर ही याची दुखरी नस. राख आणि कुसळं जाळीवर चिकटतात, हवा कमी पडते आणि ऐन वेळी इंजिन गुदमरतं. प्रत्येक आगीनंतर जाळी ब्रशनं साफ करून स्पंज धुवा, सुकवा. एक जादा स्पंज आधीच घेऊन ठेवा. सुरू करायची दोरी दोन महिन्यांत तुटली. विकणाऱ्यानं "चार दिवसांत देतो" म्हणून सोळा दिवस मशीन ठेवून घेतलं, तेही भर एप्रिलमध्ये. पुढच्या वेळी तीच दोरी शहरातल्या एका मिस्त्रीनं अर्ध्या तासात बसवून दिली. घेण्याआधी सर्व्हिस कुठं मिळते हे विचारा, वॉरंटी किती वर्षांची हे नंतर.

अंगावर सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांना गॉगल, तोंडाला ओला टॉवेल आणि कानात बोळे. टेरिकॉटचा शर्ट घालून कोणी आला तर त्याला परत पाठवा, ते कापड आगीनं वितळून कातडीला चिकटतं.

आणि मशीन हातात असलं तरी पहिला फोन १९२६ वर, वनखात्याच्या हेल्पलाइनला. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडं नोंदणी केली तर उपग्रहानं टिपलेल्या आगीचे मेसेजही मोबाइलवर येतात. मी नोंदणी केलीय. पण ज्या उपग्रहांवरून हे कळतं ते दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात, त्यामुळं लहान आगीचा मेसेज आम्हाला विझवून झाल्यावर आला. आमच्यासाठी देवळाचा भोंगाच अजून सगळ्यात लवकर वाजतो.

जूनमध्ये पाऊस झाल्यावर टाकी रिकामी केली, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवलं, प्लग साफ केला आणि मशीन गोठ्याच्या आढ्याला टांगलं. दगडांच्या आतली अंडी मेच्या पहिल्या आठवड्यात फुटली, पिल्लं दुसऱ्याच दिवशी गवतात पसार झाली. दुसऱ्या ब्लोअरची वर्गणी दिवाळीला काढायचं ठरलंय, म्हणजे एक पुढं आणि एक मागं चालवता येईल. तात्यांनी त्यांचा हिस्सा आत्ताच माझ्या हातात आणून दिलाय.