पुण्यातलं एसटीपी ऑपरेटर ट्रेनिंग: प्रॅक्टिकल एक नंबर, सेफ्टीच्या नावाने बोंब

पाचपैकी साडेतीन स्टार देतोय आणि दीड कुठे कापले ते खाली सविस्तर लिहितो. मी बालेवाडीच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत एसटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लांट) आणि पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बघतो, मूळचा आयटीआय इलेक्ट्रिशियन, त्यामुळे पंप, पॅनल, स्टार्टर हे हातातलं काम, पण एअरेशन टाकीत (जिथे हवा मारून बॅक्टेरियाकडून घाण संपवतात) जे तपकिरी उकळत असतं त्याचं शिक्षण कुणी दिलं नव्हतं. आमच्या लाइनीत बहुतेकांचं असंच असतं बघा, आधीचा ऑपरेटर जाता जाता दोन व्हॉल्व्ह दाखवतो, हा सकाळी उघडायचा, हा बंदच ठेवायचा, झालं ट्रेनिंग. मी ज्या एजन्सीकडून कामाला आहे तिने फी भरायला हात वर केले, शेवटी सोसायटीच्या कमिटीने अर्धी भरली आणि अर्धी मी. इन्स्टिट्यूटचं नाव टाकत नाहीये कारण पुढे शिव्या पण आहेत, पण असे आठवडाभराचे कोर्स शहरात बरेच जण चालवतात, कुठलाही घ्या, काय बघून घ्यायचं ते यातून कळेल.

बॅच मिक्स होती आणि ते एक चांगलं झालं. हिंजवडीच्या कंपनीतले दोघं, एका हॉस्पिटलच्या ईटीपीवरचा (तिथला सांडपाण्याचा प्लांट) एक पोरगा, मुळशीकडच्या ग्रामपंचायतीतले पाणी सोडणारे एक काका, आणि बाकी आमच्यासारखे सोसायटीवाले. सुरुवातीला नुसत्या स्लाइड. बीओडी म्हणजे काय, सीओडी म्हणजे काय (पाण्यात घाण किती ते सांगणारे आकडे), सगळं इंग्रजीत, आणि शिकवणाऱ्या मॅडम हुशार होत्या यात वाद नाही पण स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचायच्या. काका माझ्या शेजारी बसलेले, जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "अरे हे कागद आमच्या ग्रामसेवकाला पण वाचता यायचे नाहीत." अर्धा स्टार इथेच गेला. कोर्सचं पुस्तक मराठीत पाहिजे, निदान टेस्ट कशा करायच्या तेवढी पानं तरी.

पण मग दुसरे सर आले, आयुष्य प्लांटवर काढलेले, आणि तिथून पैसे वसूल व्हायला लागले. त्यांनी सांगितलं होतं की आपापल्या एअरेशन टाकीचं सॅम्पल बाटलीत भरून आणा. टेबलावर एक लिटरचे मेजरिंग सिलिंडर मांडले, प्रत्येकाने आपलं सॅम्पल ओतलं आणि तीस मिनिटं हात लावायचा नाही. ही एसव्ही-३० टेस्ट, म्हणजे तीस मिनिटांत गाळ किती मिलीपर्यंत खाली बसतो ते बघायचं, नाव माहीत होतं, लॉगबुकात कॉलमही असतो, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या पुण्यातल्या लॉगबुकात तो आकडा रोज तोच असतो, कुणी वाचत नाही म्हणून. सरांना ते माहीत होतं, ते हसून म्हणाले, "लॉगबुकात रोज ३०० लिहिणाऱ्यांनी आज खरे ३०० कसे दिसतात ते बघून घ्या."

माझं सॅम्पल २८० मिलीला बसलं, वरचं पाणी स्वच्छ. एमएलएसएस, म्हणजे एका लिटरमध्ये गाळ किती मिलिग्रॅम, ते त्यांनी लॅबमधून काढून आणलेलं, २८००. मग हिशोब असा की २८० ला हजाराने गुणायचं आणि २८०० ने भागायचं, आलं १००, याला एसव्हीआय म्हणतात, साधारण ८० ते १२० मध्ये असलं की झोप लागते, १५० च्या वर गेलं की सेटलिंग टाकीतून गाळ बाहेर यायची तयारी ठेवायची. इथपर्यंत पुस्तकातलं. खरी मजा हिंजवडीवाल्याच्या सिलिंडरमध्ये. अर्ध्या तासानंतरही त्याचा गाळ ९०० वर, खाली यायचं नावच घेईना. सगळे म्हणाले स्लज (हाच बॅक्टेरियाचा गाळ) जास्त झालंय, काढून टाका. सरांनी काय केलं, तेच सॅम्पल अर्धं घेतलं, अर्धं त्याच प्लांटचं ट्रीट झालेलं पाणी घातलं आणि परत तीस मिनिटं ठेवलं. म्हणाले, आता जर पटकन खाली बसलं तर टाकीत नुसती गर्दी आहे, स्लज काढा, विषय संपला. आणि पातळ करूनही तसंच तरंगत राहिलं तर धाग्यासारखे बॅक्टेरिया वाढलेत, मग स्लज काढून काही होणार नाही, हवा कमी पडतेय का, येणारं पाणी सडून येतंय का, ते शोधा. त्याचं २२० ला आलं. म्हणजे गर्दी. हिंजवडीवाला तिथूनच मेंटेनन्सला फोन लावायला बाहेर गेला. एका साध्या काचेच्या नळकांड्याने एवढं कळतं हे मला या लाइनीत कुणी आजवर सांगितलं नव्हतं, आणि नुसत्या या एका दुपारसाठी मी फी परत भरेन.

फेसाचंही असंच नीट समजावलं. पांढरा हलका फेस म्हणजे नवीन प्लांट, स्लज कोवळं, नाहीतर डिटर्जंट. जाड, चॉकलेटी, साय धरल्यासारखा फेस म्हणजे स्लज म्हातारं झालंय, काढा. आणि दिवाळीच्या आधी सगळ्या फ्लॅटमध्ये एकदम बाथरूम घासायचं ॲसिड आणि ब्लीच ओततात तेव्हा टाकी दोन दिवस आजारी पडते, हे त्यांनी सांगितल्यावर सगळे सोसायटीवाले एका सुरात "होय!" म्हणाले. बॅक्टेरिया मेले तर काय करायचं, बाजारात पाकिटं मिळतात पावडरची, महागडी. सर म्हणाले पाकिटं सोडा, जवळच्या चांगल्या चाललेल्या प्लांटचं टॅंकरभर स्लज आणा आणि विरजण लावतो तसं टाका.

पाण्याच्या बाजूचं ट्रेनिंग पण चांगलं होतं, फक्त वेळ कमी दिला. जार टेस्ट, म्हणजे गढूळ पाण्याला तुरटी किती लागते ते बघायची टेस्ट, हाताने करायला दिली, सहा जार, प्रत्येकात वाढता डोस, तुरटीचं एक टक्क्याचं पाणी, म्हणजे एक लिटरच्या जारमध्ये एक मिली टाकलं की १० मिलिग्रॅमचा डोस. जोरात ढवळायचं मिनिटभर, मग हळूहळू पंधरा-वीस मिनिटं, मग थांबायचं. चौथा जार सगळ्यात नितळ निघाला, सहावा नाही, म्हणजे पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की तुरटीचा हात सैल सोडणारे जे असतात त्यांचा तिथेच निकाल लागला. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा हिशोब फळ्यावर करून घेतला, एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅमचा डोस म्हणजे २०० ग्रॅम क्लोरीन, पावडरीत साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतं म्हणून सहाशे ग्रॅम पावडर, पण तोंड उघडी ठेवलेली जुनी गोणी असेल तर हा हिशोब विसरा, ताकद उडून गेलेली असते. लिक्विड हायपोचे (पातळ क्लोरीनचे) कॅन उन्हात ठेवतात त्यांचंही तेच.

इथे काका बोलायला लागले. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोडला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीच्या पट्ट्यात गियां-बारेचे (नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट निघाले आणि पाण्यावर संशय गेला, तेव्हापासून त्यांच्या गावात पण लोक रोज विचारतात क्लोरीन टाकलं का. काका टाकीवर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची) करायचे, पिवळा रंग आला की खूश. सरांनी शांतपणे विचारलं, "काका, शेवटच्या घराच्या नळाला कधी बघितलंय का?" आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) मध्ये लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन पाहिजे म्हणतात ते लोकांच्या नळाला, टाकीजवळ कितीही पिवळं आलं तरी त्याने लांबच्या वस्तीचं पाणी शुद्ध होत नाही. आणि क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास तरी थांबून मग पाणी सोडायचं. ओटीऐवजी डीपीडीचं किट वापरा हेही सांगितलं, त्यात गुलाबी रंग येतो, ओटीचं केमिकल अंगाला चांगलं नाही. काकांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, त्या वहीवर मागे पाणीपट्टीची यादी होती.

आता शिव्या. सेफ्टी. पूर्ण एक स्टार इथे कापलाय आणि खरं तर जास्त कापायला पाहिजे होता. अख्ख्या कोर्समध्ये सेफ्टीला शेवटच्या दिवशी जेवणानंतरचा तास, जेव्हा निम्मे लोक पेंगत असतात आणि उरलेले सर्टिफिकेटवर नाव बरोबर छापलंय का ते बघत असतात. हार्नेस (टाकीत उतरताना अंगाला बांधायचा पट्टा) दाखवला, तो कंपनीच्या प्लास्टिकच्या पिशवीत, टॅगसकट, कधी उघडलेलाच नाही. चार गॅस मोजणारा डिटेक्टर दाखवला तर त्याचं चार्जिंग उतरलेलं. अहो, आमच्या कामात माणूस मरतो तो इथे मरतो, एसव्हीआय चुकलं म्हणून कुणी मरत नाही. कलेक्शन टाकीत पंप अडकला की सुपरवायझर म्हणतो, उतर दोन मिनिटं. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून लोकांना वाटतं वास येईल तेव्हा पळू, पण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग गॅस) आसपास नाकच बधिर होतं, वास बंद होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, म्हणून बातम्यांमध्ये कायम दोन-तीन जण एकदम गेलेले असतात. ऑक्सिजन हवेत २१ टक्क्यांच्या जवळ असतो, १९.५ च्या खाली आला तर आत पाय ठेवायचा नाही, हा आकडा स्लाइडवर होता, मॅडमनी वाचून दाखवला आणि पुढची स्लाइड.

मी विचारलं की २०१३ च्या कायद्यात सेफ्टीच्या साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टॅंकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे ना, मग सोसायटीने उतर म्हणलं तर आम्ही काय म्हणायचं? उत्तर मिळालं, "लेखी घ्या." आता सांगा, रात्री अकराला ओव्हरफ्लो सुरू झालाय, पार्किंगमध्ये पाणी, चेअरमन डोक्यावर उभा, तिथे मी लेखी मागू? याची प्रॅक्टिस करून घ्यायला पाहिजे होती. पंप गाइड रेल आणि साखळीने वरूनच कसा ओढायचा, ब्लोअरने टाकीत हवा किती वेळ मारायची, वर कोण थांबणार, कुणाला फोन लावायचा, हे सगळं एकदा तरी करून दाखवा ना. सिलिंडरच्या टेस्टला अख्खी दुपार मिळते आणि जिवाला एक तास, ते पण डुलक्यांच्या वेळेला.

एका टाउनशिपच्या एसबीआर प्लांटवर नेलं होतं, तिथे एकाच टाकीत भरणं, हवा मारणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं हे पाळीपाळीने होतं, बघायला छान, पण आमच्यातल्या बहुतेकांकडे एमबीबीआर (टाकीत प्लास्टिकचे तुकडे सोडून त्यांवर बॅक्टेरिया वाढवतात तो प्रकार) आहे, त्यामुळे फोटो काढण्यापलीकडे फार काही हाताला लागलं नाही. चहा-पोहे चांगले. पार्किंग नाही.

वीजबिलावरची चर्चा मात्र सगळ्यांना उपयोगी. सोसायटीवाल्यांचं कायमचं दुखणं हे की सेक्रेटरी रात्री ब्लोअर बंद करायला सांगतात. आता ब्लोअर हाच एसटीपीचा सगळ्यात मोठा वीज खाणारा असतो, त्यामुळे त्यांचंही चूक म्हणता येत नाही. सरांचं म्हणणं, भांडू नका, टाकीतला डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजून दाखवा, लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास टिकत असेल तर ब्लोअरचा वेळ थोडा कमी करता येईल, शून्याला टेकत असेल तर तोच आकडा कमिटीसमोर ठेवा आणि सोबत उन्हाळ्यातलं टॅंकरचं बिल ठेवा, कारण फ्लशला आणि बागेला चालणारं पाणी आपणच नासवतोय हे बिल बघितलं की लगेच कळतं. मी हे केलं. कमिटीने आता डीओ मीटरचं कोटेशन मागवलंय, बघू.

सर्टिफिकेटचं काय, असं ग्रुपवर सगळे विचारतात. भिंतीला लावा, छान दिसतं. अमेरिकेत राज्याराज्यात ऑपरेटरला परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं, ग्रेड असतात, मोठा प्लांट चालवायचा तर वरची ग्रेड. आपल्याकडे सोसायटीच्या एसटीपीवर उभं राहायला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे या कागदाने पगार वाढेल असं समजून जाऊ नका, माझ्या एजन्सीने तर झेरॉक्ससुद्धा मागितली नाही. सरकारी नोकरीत असाल तर जीवन प्राधिकरणाची नाशिकची मित्रा ही ट्रेनिंग संस्था आहे, तिकडचं आधी बघा.

कुठेही पैसे भरायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: सॅम्पल आपलं स्वतःचं आणायचं का, डिटेक्टर आणि ट्रायपॉड (टाकीतल्या माणसाला वर ओढायची तिपाई) हातात देणार का, आणि नोट्स मराठीत आहेत का. तीनपैकी दोन "हो" आले तरी जा. सॅम्पल नेणार असाल तर निघायच्या तोंडावर ताजं भरा, बाटली अर्धीच भरा आणि झाकण सैल ठेवा, आत गॅस होतो. आमच्या बॅचमधल्या एकाने गच्च भरून घट्ट लावलेलं, ते बाणेर फाट्याच्या सिग्नलला पीएमपीत उडालं.