राहतं घर विकताना: राहूनच दाखवायचं की रिकामं करून?

ठाण्यातला वन बीएचके विकायला काढलेल्या मावसबहिणीचा प्रश्न: आम्ही राहत असतानाच लोकांना घर दाखवावं, की आधी भाड्याने दुसरीकडे जावं?

खर्चात राहून विकणं सरळ स्वस्त. बाहेर पडलात तर डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, टेम्पोचं भाडं, वर रिकाम्या घराचा मेंटेनन्स चालूच.

त्रास मात्र राहण्यातच. एजंटचा फोन येतो, "अर्ध्या तासात पार्टी आणतोय", आणि इकडे तव्यावर बोंबील! दोरीवरचे कपडे पलंगाखाली, औषधांचे डबे कपाटात. कपाटंही लोक उघडतातच म्हणा.

दिसण्याचं गणित वेगळं. रिकामी खोली मोठी वाटेल असं आपण समजतो, पण तिथे पलंग मावेल का हे बघणाऱ्याला कळत नाही. शिवाय फ्रिजमागची ओल, कॅलेंडरखालचा फिकट चौकोन उघडा पडतो, म्हणजे रंगाचा खर्च आलाच. (ओल दोन्हीकडे आधी दुरुस्त करा, लपवू नका.) राहत्या घरात माळा आणि दारामागच्या पिशव्या नडतात, निम्मं सामान आधीच हलवा.

घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, किंवा नव्या घराचा ताबा मिळाला असेल, तर बाहेर पडा. बाकीच्यांनी राहूनच विकावं, मात्र शनिवार-रविवारच्या ठरलेल्या वेळाच द्याव्यात. बहीण राहतेय. रविवारचे बोंबील तूर्त बंद.