जुन्या गाडीला एलईडी टेल लाईट: रेझिस्टर, रिले की परत जुनाच बल्ब?

मामांची पिकअप २००४ सालची. दिंडोरीहून टोमॅटोचे क्रेट भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जायचं आणि अधूनमधून कसारा घाट उतरून वाशी गाठायची, हे तिचं काम. पावसाळ्यात इगतपुरीच्या पुढे धुकं दाटलं की मागून येणाऱ्याला आपली गाडी दिसली पाहिजे, म्हणून त्यांनी मागचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकले. दुसऱ्याच दिवशी फोन. "अरे, इंडिकेटर दिला की नुसता पळत सुटतो. आणि ब्रेक दाबला की डावीकडचा इंडिकेटर पण मिणमिणतो. बल्बच खराब दिले का रे?"

बल्ब चांगले होते. तक्रारी दोन होत्या आणि दोघींची कारणं वेगळी. बरेच जण इथेच चुकतात. दुकानदार रेझिस्टर हातात देतो, तो बसवला तरी मिणमिण राहतेच, आणि मग एलईडीच वाईट असं ठरतं.

इंडिकेटर पळण्याचं, म्हणजे भरभर लुकलुकण्याचं, कारण सरळ आहे. जुना बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढणारा. त्याच्या जागी आलेला एलईडी दोन-तीन वॅटचा. इंडिकेटर लुकलुकवणारी डबी म्हणजे फ्लॅशर. त्याला एवढा कमी करंट दिसला की तो एक बल्ब उडाला असं धरतो आणि चालकाला कळावं म्हणून वेग वाढवतो. त्याहून जुन्या गाड्यांमध्ये पत्तीचा फ्लॅशर असतो. त्यातली पत्ती बल्बच्या करंटने तापून उघडझाप करते. तिथे एलईडी लावला तर पत्ती तापतच नाही आणि इंडिकेटर नुसता पेटून राहतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं नियमात बसतं. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा, १५ ते ३० च्या मध्ये आकडा आला तर काळजी नको.

मिणमिणण्याचं कारण मात्र जवळजवळ नेहमी अर्थ, म्हणजे दिव्याचा करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी. ब्रेकच्या करंटला बॉडीतून परतीची वाट नीट मिळाली नाही की तो शेजारच्या इंडिकेटरच्या वायरीतून वाट काढतो. २१ वॅटची फिलामेंट एवढ्याशा करंटने लाल सुद्धा होत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं झाकून राहतो. एलईडी काही मिलिअँपिअरवरही दिसण्याइतका पेटतो, त्यामुळे वायरिंगचं जुनं दुखणं उघडं पडतं.

तेव्हा काहीही विकत घेण्याआधी अर्थ तपासा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन टेल लाईटच्या अर्थ वायरला लावा, आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ गेलेला. एक गोष्ट विसरू नका: हे मोजताना होल्डरमध्ये जुना २१ वॅटचाच बल्ब हवा. एलईडी करंटच इतका कमी ओढतो की खराब अर्थही मीटरवर चांगला दिसतो. मी स्वतः आधी एलईडी ठेवूनच मोजलं आणि अर्थ ठणठणीत आहे असं मामांना सांगून बसलो होतो.

जुना बल्ब घालून मोजलं तर १.८ व्होल्ट. डाव्या दिव्यामागचा स्क्रू काढला. थिंबलखाली (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कड्याखाली) हिरवट-पांढरी पूड जमली होती, वायरीचे चार-पाच तारच शिल्लक होते आणि खालचा रंग फुगून आलेला. काचपेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, नवीन थिंबल दाबून बसवलं, वरून ग्रीस लावलं आणि एक जादा वायर थेट चासीवर नेली. मिणमिण तिथेच थांबली. इंडिकेटर मात्र पळतच होता. निवड करायची ती इथून पुढे.

रेझिस्टर म्हणजे सोनेरी ॲल्युमिनिअमच्या खोक्यातला, साधारण ६ ओहम ५० वॅटचा. तो इंडिकेटरची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये जोडतात, म्हणजे फ्लॅशरला पुन्हा जुन्या बल्बएवढा करंट दिसतो. फ्लॅशरला हात लावावा लागत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण हिशोब बघा. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर तो पेटलेला असताना ३२ वॅटच्या वर उष्णता टाकतो. नाशिकला द्वारकाच्या सिग्नलला उजवा इंडिकेटर देऊन दोन-तीन मिनिटं उभं राहिलात तर त्याला हात लावता येणार नाही. पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवला तर उष्णता पत्र्यात उतरते. वायरींच्या जुडग्यात टाय मारून लटकवला किंवा दिव्याच्या प्लास्टिकला चिकटवला तर इन्सुलेशन वितळतं आणि शॉर्ट होतो. शिवाय जोड मारायला जुनी वायर सोलावी लागते, आणि चिखलपाणी खाणाऱ्या गाडीत प्रत्येक नवा जोड म्हणजे उद्याचा गंज.

एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर रिले करंट न बघता ठरलेल्या वेगाने चालतो. जुना उपसायचा, नवा खोचायचा. उष्णता नाही, वायर कापणं नाही. अडचण फक्त पिनांची. दोन पिनांचा आणि तीन पिनांचा असे प्रकार आहेत. तीनवाल्यावर सहसा बी, एल आणि ई अशी अक्षरं असतात: बॅटरी, दिवा, अर्थ. पिनांची मांडणी प्रत्येक गाडीत सारखी नसते, म्हणून जुना फ्लॅशर खिशात घालूनच दुकानात जा आणि अक्षरं जुळवून घ्या. दोन पिनांच्या सॉकेटमध्ये तीन पिनांचा रिले लावायचा तर अर्थची एक वायर वेगळी ओढावी लागते, ते दहा मिनिटांचं काम आहे.

दोन्हींत एक गोष्ट हातची जाते. उद्या एखादा दिवा खरंच बंद पडला तरी डॅशवर इंडिकेटर नेहमीसारखाच लुकलुकेल. त्यामुळे आठवड्यातून एकदा गाडीमागे जाऊन बघायची सवय लावायलाच हवी.

डॅशवर डाव्या-उजव्यासाठी एकच पायलट दिवा असेल आणि चारही इंडिकेटर एलईडी असतील, तर रिले बदलल्यावर चारही एकदम लुकलुकू शकतात. त्या पायलटच्या बल्बमधून करंट दुसऱ्या बाजूला जातो. डाव्या आणि उजव्या वायरीतून एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्यावरच्या पट्टीची बाजू पायलटकडे, आणि पायलटचं दुसरं टोक अर्थला, एवढं केलं की मिटतं. मोटारसायकलींत हे फार दिसतं. पुढे साधेच बल्ब असलेल्या पिकअपला त्याची गरज पडली नाही.

परत जुना बल्ब हा मार्गही मी गंभीरपणे सुचवतो, विशेषतः फक्त इंडिकेटरसाठी. एलईडीचा खरा फायदा ब्रेक लाईटला आहे. फिलामेंट तापून पूर्ण पेटायला सुमारे ०.२ सेकंद घेते, एलईडी लगेच पेटतो. ताशी ८० च्या वेगाने मागच्याला तेवढ्यात साडेचार मीटर जादा मिळतात. घाटात हे अंतर मोलाचं आहे. इंडिकेटरला असा फायदा फारसा नाही. म्हणून ब्रेक आणि पार्किंग एलईडी, इंडिकेटर साधा २१ वॅटचा, अशी जोडी लावली तर रेझिस्टर नको आणि रिलेही नको.

एलईडी घेताना लाल काचेमागे लालच घ्या, पांढरा घेतलात तर फिका, गुलाबीसर दिसतो. ब्रेक आणि पार्किंग एकाच बल्बमध्ये असेल तर ब्रेक दाबल्यावर डॅशचे दिवे पेटत नाहीत ना, ते दुकानाच्या दारातच बघा. स्वस्त बल्बांत आतला डायोड नसतो आणि करंट उलटा पार्किंगच्या लाईनीत शिरतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंगला न्यावं लागतं, तेव्हा पासिंगला जायच्या आदल्या संध्याकाळी एकेक दिवा लावून बघणं चांगलं.

वायरिंग धड असेल, फ्लॅशर वेगळा बसवलेला असेल आणि इंडिकेटरही एलईडीच हवे असतील, तर डोळे मिटून रिले घ्या. फ्लॅशर सर्किट बोर्डातच बसवलेला असेल, वेगळा निघतच नसेल, तरच रेझिस्टर, आणि तोही पत्र्यावर. मामांना मी दोन्ही सांगून बघितलं. त्यांनी डब्यात जपून ठेवलेले इंडिकेटरचे जुने बल्ब काढून दिले आणि म्हणाले, "हेच लाव, क्रेट उतरवायला उशीर होतोय."