ड्युअल इनपुट डोहर्टी बोर्डचा रिव्ह्यू: पीक सोडा, ॲव्हरेज पॉवरला काय देतो ते बघा

आरएफ पॉवर ॲम्प्लिफायर (रेडिओ सिग्नल अँटेनाकडे जाण्याआधी मोठा करणारा भाग) निवडताना बरेच जण डेटाशीटवरचा पीक एफिशियन्सीचा आकडा, म्हणजे सर्वात जास्त पॉवरला सप्लायमधलं किती टक्के सिग्नलमध्ये जातं तो, बघतात आणि तिथेच फसतात, कारण हल्लीचा कुठलाच सिग्नल पीकला बसून राहत नाही. ओएफडीएमचं (४जी, ५जी, वायफायमधली सिग्नलची पद्धत) पीक ॲव्हरेजच्या वर ८-१० डीबी आरामात जातं (३ डीबी म्हणजे दुप्पट पॉवर, १० डीबी म्हणजे दहापट), क्रेस्ट फॅक्टर रिडक्शन (पीक मुद्दाम छाटणं) लावून कापलं तरी ७-८ डीबी उरतंच, म्हणजे २५ वॅटचा ॲम्प्लिफायर बहुतेक वेळ ४ वॅटच्या आसपास चालत असतो आणि त्या ४ वॅटला तो किती करंट खातो यावर सप्लाय, हीटसिंक, पंखा सगळं ठरतं. मी हा बोर्ड त्याच नजरेने तपासलाय.

तर बोर्ड असा आहे: दोन गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर, ड्रेनला (ट्रान्झिस्टरचं सप्लायकडचं टोक) २८ व्होल्ट, ३.५ गिगाहर्ट्झला ट्यून केलेला, पीक साधारण ४४ डीबीएम म्हणजे २५ वॅट, आणि खास गोष्ट म्हणजे आरएफ इनपुट दोन, मेनला (कायम चालणारा ट्रान्झिस्टर) वेगळं आणि ऑक्झिलरीला (मोठ्या सिग्नलला मदतीला येणारा) वेगळं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत.

डोहर्टी, म्हणजे दोन ॲम्प्लिफायरनी मिळून काम करायची ही रचना, काही आजची आयडिया नाही, विल्यम डोहर्टीने बेल लॅब्समध्ये असताना १९३६ साली मांडली, तीही व्हॅक्यूम ट्यूबच्या ट्रान्समीटरसाठी. साधा क्लास बी (सिग्नलच्या अर्ध्या सायकललाच करंट घेणारा ॲम्प्लिफायर) थिअरीत पीकला ७८.५ टक्के देतो पण आउटपुट ६ डीबी खाली आणलं की एफिशियन्सी सरळ निम्मी, ३९ टक्के. डोहर्टीत कमी पॉवरला मेन एकटाच चालतो, क्वार्टर वेव्ह लाइनमुळे (पाव तरंगलांबीची लाइन) त्याला ५० ऐवजी १०० ओहम दिसतात, त्यामुळे तो ६ डीबी खाली असतानाच पूर्ण व्होल्टेज स्विंगला पोचतो आणि तिथेही थिअरीत ७८.५ टक्केच मिळतात. त्याच्या वर सिग्नल गेला की क्लास सी मध्ये (छोट्या सिग्नलला बंदच राहील अशा बायसवर) झोपलेला ऑक्झिलरी जागा होतो, स्वतःचा करंट ढकलतो आणि मेनला दिसणारा लोड हळूहळू ५० वर उतरतो. सिग्नल वरखाली होईल तसा लोड आपोआप बदलतो, कंट्रोल लूप नाही काही नाही, मला आजही हे सर्किट बघून आनंद होतो.

मग दोन इनपुट कशाला? कारण नेहमीच्या डोहर्टीत इनपुटला स्प्लिटर (एक सिग्नल दोघांत वाटणारा भाग) असतो आणि त्याची वाटणी फिक्स असते. ऑक्झिलरी झोपलेला असला तरी निम्मा ड्राइव्ह त्याच्याकडे जातोच, म्हणजे ३ डीबी गेन उगाच गेला, आणि पीकला मात्र क्लास सी चा गेन कमी असल्यामुळे त्याला उलट जास्त ड्राइव्ह हवा असतो, तो मिळत नाही. शिवाय फेज. ट्रान्झिस्टरची इनपुट कपॅसिटन्स लेव्हलनुसार बदलते, त्यामुळे दोन्ही रस्त्यांची फेज एका लेव्हलला जुळवली की दुसऱ्या लेव्हलला सुटते. इथे मात्र ड्राइव्ह आणि फेज दोन्ही बेसबँडमध्ये (सिग्नल अजून डिजिटल असतानाच) टेबल टाकून प्रत्येक लेव्हलला हवी तशी देता येते.

हे बेंचवर अगदी डोळ्यांनी दिसतं. मिडल पॉवरला सिग्नल धरून ठेवला आणि ऑक्झिलरीची फेज सावकाश फिरवत नेली की एका जागी आउटपुट वर सरकतं आणि सप्लायचा करंट त्याच वेळी खाली येतो, तिथून ३०-४० अंश बाजूला गेलात की दोन्ही बिघडतं आणि ऑक्झिलरीचा ट्रान्झिस्टर तापायला लागतो. तीच बेस्ट जागा पीकला शोधली तर जवळपास २० अंश सरकलेली निघाली. फिक्स स्प्लिटरवाल्याने यातली कुठली निवडायची?

२० मेगाहर्ट्झचा ओएफडीएम, ८ डीबी पीक टू ॲव्हरेज, ॲव्हरेज ३६ डीबीएम म्हणजे ४ वॅट. टेबल नीट बसवल्यावर २८ व्होल्टला मीटर ०.३ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ड्रेन एफिशियन्सी ४८ टक्क्यांजवळ. याच पॉवरला चांगला क्लास एबी (नेहमीचा साधा ॲम्प्लिफायर) मला २५ टक्क्यांच्या वर कधी गेलेला दिसला नाही, म्हणजे तिथे १२ वॅट उष्णता आणि इथे साडेचारच्या आत. लिनिअरिटी कुठलीही दुरुस्ती न लावता बघितली तर ॲडजसंट चॅनल (शेजारच्या चॅनलमध्ये सांडणारी पॉवर) उणे ३० डीबीच्या आसपास, बेस स्टेशनला उणे ४५ लागतात, पण मेमरी पॉलिनोमियलवालं प्रीडिस्टॉर्शन (ॲम्प्लिफायरची विकृती गणिताने आधीच उलटी करून सिग्नलमध्ये टाकणं) लावलं की खांदे (सिग्नलच्या दोन्ही बाजूंना सांडलेला भाग) बसतात आणि लिमिट मार्जिन ठेवून पास होतं. टेबल आधी सेट करा, प्रीडिस्टॉर्शन मग, उलटं केलंत तर टेबल हलवल्यावर कोएफिशंट पुन्हा काढावे लागतात.

अजून एक आवडलेली गोष्ट, बायस सिक्वेन्सिंग (व्होल्टेज योग्य क्रमाने चालू करणं) बोर्डवरच आहे. हे ट्रान्झिस्टर डिप्लीशन मोडचे (गेटला व्होल्टेज नसलं तरी चालू असणारे), गेटला निगेटिव्ह व्होल्टेज आधी आणि ड्रेन नंतर हा क्रम चुकला की ट्रान्झिस्टर गेलाच, इथे निगेटिव्ह नसेल तर ड्रेनचा स्विच चालूच होत नाही. छोटीशी गोष्ट आहे पण ज्याने हे डिझाइन केलं त्याला लॅबमधली कामं माहीत आहेत.

ट्रॅफिक कमी असताना काय? डोहर्टी एफिशियन्सी टिकवून धरतो ती वरच्या ६-८ डीबीतच, त्याच्याही खूप खाली ॲव्हरेज गेलं की त्याचीही एफिशियन्सी साध्या ॲम्प्लिफायरसारखीच घसरत जाते. अशा वेळी ड्रेन २८ वरून २० व्होल्टवर आणा, पीक ३ डीबीने कमी होतं पण तेव्हा तेवढ्या पीकची गरजच नसते. बोर्ड हे छान सहन करतो, फक्त प्रत्येक व्होल्टेजला वेगळं टेबल लागतं आणि कंपनी देते एकच, ते पण २८ व्होल्टचं आणि एकाच फ्रिक्वेन्सीचं, बाकी सगळं तुम्ही मोजून बनवायचं. एवढ्या चांगल्या हार्डवेअरबरोबर हे बरोबर नाही.

दुसरी तक्रार टीडीडीची (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि ऐकणं). बर्स्ट सुरू झाल्यावर पहिले काही सिंबल (सिग्नलचे छोटे तुकडे) खराब येतात, ईव्हीएम (सिग्नल आदर्शापासून किती चुकला त्याचं माप) वर जातं आणि मग स्थिर होतं. गॅलियम नायट्राइडमध्ये चार्ज ट्रॅपिंग असतं, मोठ्या पीकनंतर गेन थोडा वेळ दबलेला राहतो, त्यात तापमानही बदलत असतं, हे कुठल्याही बोर्डवर थोडंफार होणार. पण मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही, नवीन माणूस आठवडाभर प्रीडिस्टॉर्शनमध्येच चूक शोधत बसेल.

बँडविड्थ पण बघून घ्या, १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल टाकला की बँडच्या कडांना एफिशियन्सी उतरते. एन्व्हलप ट्रॅकिंगकडे (सिग्नलबरोबर सप्लायचं व्होल्टेज वरखाली करणं) जावं का असं कुणी विचारेल, तर फोनमध्ये ते मस्त चालतं, पण एवढ्या रुंद सिग्नलला आणि एवढ्या पॉवरला सप्लाय मॉड्युलेटरच स्वतः इतकं खातो की मी तरी इथे डोहर्टीच घेईन.

घ्यायचा विचार असेल तर आधी तुमचा जनरेटर तपासा. दोन चॅनल कोहेरंट (एकाच घड्याळावर चालणारे) लागतात आणि त्यांच्यातली फेज तासन् तास हलता कामा नये, केबल सुद्धा सारख्याच लांबीच्या लावा आणि गरम होऊ देऊ नका. एकच चॅनल असेल तर हा बोर्ड घेऊ नका, स्प्लिटरवाला साधा डोहर्टी बोर्ड घ्या, कारण याच्या इनपुटला बाहेरून स्प्लिटर जोडून चालवलात तर ज्यासाठी पैसे दिले तेच वापरात येणार नाही.